डबा, टीव्ही आणि तुटलेली हिरवी वायर

पार्श्वभूमी

दापोली तालुक्यातलं समुद्रालगतचं एक गाव. गावाचं आणि घरातल्या माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. घर जांभ्याच्या चिऱ्यांचं, वर मंगलोरी कौलं, पुढे ओटी, आत माजघर, मागे न्हाणी आणि न्हाणीच्या सांडपाण्यावर माजलेलं अळू. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर आलं, तेव्हा परसातले माड-पोफळी आडव्या झाल्या आणि अर्धी कौलं उडाली. गावात कित्येक दिवस वीज नव्हती. नंतर घर सावरलं, वायरिंग नव्याने झालं. ही वायरिंगची गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते, पण सुरुवातीला ती कोणाच्याच लक्षात नव्हती, माझ्याही नाही.

मी दापोलीत कॉम्प्युटर, सीसीटीव्ही आणि इन्व्हर्टरची कामं करतो. या घरातल्या निवृत्त गुरुजींनी मला चौथीला शिकवलं आहे, त्यामुळे इथे ‘गिऱ्हाईक’ हा शब्द लागू पडत नाही. घरात गुरुजी आणि काकी, दोघंच. मुलगा डोंबिवलीला, नातू इंजिनीअरिंगला. गणपतीला मात्र घरात वीस-बावीस माणसं होतात.

गुरुजींकडे शिमग्यातल्या नमनाचे (कोकणातलं लोकनाट्य), पालखीचे, गावातल्या लग्नांचे मिनीडीव्ही कॅमेऱ्यावर घेतलेले अकरा टेप होते. दमट हवेत टेपांवर बुरशी चढायला लागली, म्हणून नातवाने ते मुंबईला नेऊन कॉम्प्युटरवर उतरवून घेतले. डीव्ही टेपचा एक तास म्हणजे साधारण १३ जीबी, सगळे मिळून दीडशेच्या आसपास झाले. त्यातल्या एका नमनात गुरुजींचे धाकटे भाऊ संकासूर (नमनातलं एक सोंग) झालेले आहेत. ते आता नाहीत. गणपतीला सगळे जमतील तेव्हा ते नमन मोठ्या पडद्यावर लावायचं, एवढीच गुरुजींची इच्छा होती.

टीव्ही मुलाने दिवाळीला आणलेला, ५० इंची, फोर-के. कॉम्प्युटर मुलाच्या ऑफिसातून जुन्या सामानात मिळालेला: इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-५, चपटा, कपाटात मावेल असा. मागे चित्र बाहेर काढायला दोन डिस्प्लेपोर्ट आणि एक व्हीजीए, एचडीएमआय नाही. टीव्हीला कॉम्प्युटरचं चित्र घ्यायला तीन एचडीएमआय, बाकी काही नाही. गुरुजी त्या कॉम्प्युटरला ‘डबा’ म्हणतात. मीही तेच म्हणेन.

तक्रार काय होती

मे महिन्याच्या सुट्टीत नातवाने डबा टीव्हीला जोडला आणि तो परत गेला. चार दिवसांनी गुरुजींचा फोन. ‘अरे, चित्र येतंय पण ते आपलं वाटत नाही.’ याचा अर्थ फोनवर कळण्यासारखा नव्हता, म्हणून गेलो.

पाहिलं ते असं. माऊस पडद्यावर पाण्यातून ओढल्यासारखा चालत होता. नमनाच्या व्हिडिओत कॅमेरा डावीकडून उजवीकडे फिरला की चित्र अडखळायचं. संकासुराचा पोशाख काळा, मागे रात्र. दोन्ही एक होऊन फक्त पांढरी दाढी हवेत नाचताना दिसायची. आवाज टीव्हीतून येतच नव्हता, तो डब्यातल्या चिमुकल्या स्पीकरमधून कुजबुजत होता. आणि डबा आधी चालू करून टीव्ही मागून लावला, तर कधी ‘नो सिग्नल’, कधी भलतंच ठेंगणं-ठुसकं चित्र.

नातवाने तोवर तीन केबली बदलल्या होत्या. तिसरी सोनेरी टोकांची, खोक्यावर मोठ्या अक्षरात फोर-के लिहिलेली. यावर दोन शब्द लिहितो, कारण हा पैसा मी सगळीकडे जाताना पाहतो. एचडीएमआयमधून जातो तो डिजिटल सिग्नल. दोन मीटर अंतरावर केबल धड असेल तर चित्र पूर्ण येतं. खराब असेल तर ठिपके चमकतात, चित्र तुटतं किंवा जातं. फिका काळा रंग, अडखळणं, धूसर अक्षरं यातलं काहीही केबलीच्या सोन्याने सुधारत नाही.

समोर कोणते मार्ग होते

पहिला, डबा बाजूला ठेवून पेनड्राइव्ह थेट टीव्हीला लावायचा. नातवाने तो करून पाहिला होता. टीव्हीला डीव्हीची फाईल ओळखताच येत नव्हती. फायली दुसऱ्या स्वरूपात बदलून घेतल्या असत्या तर ओळखल्या असत्या. याकडे शेवटी परत येतो.

दुसरा, इंटरनेटवर चालणारा छोटा बॉक्स. पावसात त्या वाडीत नेटचा भरवसा नाही आणि दीडशे जीबी वर चढवणार कोण?

तिसरा, एचडीएमआय असलेला नवा मिनी पीसी. काम सोपं झालं असतं, पण गुरुजी म्हणाले, ‘डबा चालतोय ना? मग नवा कशाला?’ मास्तरांशी वाद घालायची सवय मला अजून लागलेली नाही.

चौथा, आहे त्याच डब्यातून नीट चित्र काढायचं. तो घेतला.

इथे एक निर्णय होता आणि तो नातवाला फोनवर पटवायला वीस मिनिटं लागली. त्याने डिस्प्लेपोर्टला साधा पॅसिव्ह अडॅप्टर लावून फोर-के चित्र काढलं होतं आणि त्याचा त्याला अभिमान होता. पण असा अडॅप्टर स्वतः काही करत नाही. कॉम्प्युटरच त्याच पोर्टातून एचडीएमआयचा सिग्नल सोडतो, अडॅप्टर फक्त व्होल्टेजची पातळी जुळवून पुढे देतो. त्या पिढीच्या इंटेलमधून असा सिग्नल फोर-केला सेकंदाला तीसच चित्रं देतो. साठ हवी असतील तर अ‍ॅक्टिव्ह अडॅप्टर लागतो, जो डिस्प्लेपोर्टचा सिग्नल घेऊन त्याचं एचडीएमआय २.० मध्ये रूपांतर करतो. माऊस ओढला जात होता तो या तीस चित्रांमुळे.

अ‍ॅक्टिव्ह अडॅप्टर आणता आला असता. पण दाखवायचं काय होतं? डीव्हीचं चित्र ७२० गुणिले ५७६. ते फोर-के पडद्यावर कसंही नेलं तरी मोठं करूनच दिसणार. शिवाय फोर-के सिनेमे बहुधा ज्या स्वरूपात येतात त्या एचईव्हीसीच्या १०-बिट फायली त्या प्रोसेसरला हार्डवेअरवर उलगडता येत नाहीत, म्हणजे खरा फोर-के सिनेमा लावला असता तरी डबा धापाच टाकणार. म्हणून १९२० गुणिले १०८० वर उतरायचं ठरवलं. फोर-के पडदा त्याच्या दोन्ही बाजूंनी बरोबर दुप्पट असतो, त्यामुळे टीव्हीला ते मोठं करणं सरळ जातं. नातू म्हणाला, ‘काका, मग फोर-के टीव्हीचा उपयोग काय?’ उत्तर मी दिलं नाही.

पहिली खेप: चित्र

तीसचं साठ झालं, माऊस पळायला लागला आणि लगेच दुसरंच झालं: खालची पट्टी अर्धी पडद्याबाहेर गेली. टीव्हीने १०८० चा सिग्नल पाहिला आणि ‘हे टीव्हीचं प्रक्षेपण आहे’ असं समजून कडा कापल्या. काचेच्या ट्यूबच्या जमान्यात चित्राच्या कडा वाकड्या-तिकड्या यायच्या, म्हणून चित्र थोडं मोठं करून कडा फ्रेममागे लपवत. ट्यूब गेली, सवय राहिली. यालाच ओव्हरस्कॅन म्हणतात. बरेच जण कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्र आक्रसून घेतात. तसं केलं की कॉम्प्युटर चित्र लहान करतो, टीव्ही ते पुन्हा मोठं करतो आणि अक्षरं दोनदा पिळली जाऊन धूसर होतात. इलाज टीव्हीतच करायचा. प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते: जस्ट स्कॅन, स्क्रीन फिट, फुल पिक्सेल. या टीव्हीत ते चित्राच्या आकाराच्या यादीत तिसऱ्या पानावर होतं. त्याचबरोबर त्या एचडीएमआयचं नाव बदलून ‘पीसी’ ठेवलं. नुसतं नाव बदलण्याने काय होणार असं वाटतं, पण अनेक टीव्ही त्या नावावरूनच रंगाची माहिती पूर्ण घ्यायची की कमी करून घ्यायची ते ठरवतात. लाल अक्षरांच्या कडेची मळकट झालर त्याने गेली.

मग संकासूर. कॉम्प्युटर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ० ते २५५ अशी पायरी मोजतो. व्हिडिओची परंपरा १६ ते २३५ ची. डबा ० पासून पाठवत होता आणि टीव्ही १६ ला काळं समजत होता, म्हणून १६ च्या खालचं सगळं एकाच डांबरात बुडालं. उलट जुळणी बिघडली की काळं राखाडी होतं आणि चित्रावर धुकं येतं. दोघांना एकच भाषा बोलायला लावायची, कुठली ते दुय्यम. टीव्हीत एचडीएमआयच्या काळ्या पातळीचं सेटिंग होतं, ते बदललं. गुरुजी पाठीमागे खुर्चीवर बसले होते. संकासुराच्या कमरेचे घुंगुर दिसायला लागले, तसे ते काही बोलले नाहीत. काकींना आतून हाक मारली.

अडखळण्याचं कारण या सगळ्यांत मला सगळ्यांत आवडणारं. आपल्याकडची टीव्हीची पद्धत पाल, म्हणजे सेकंदाला २५ चित्रं, आणि प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांत विभागलेलं, म्हणजे ५० अर्धी चित्रं. कॅमेरा तसाच टिपतो. पडदा मात्र कॉम्प्युटरच्या सवयीप्रमाणे ६० वर चाललेला. ५० चित्रं ६० घरांत बसवायची तर सेकंदाला दहा चित्रं दोनदा दाखवावी लागतात. पखवाजवाल्याने दर पाचव्या ठेक्याला एक थाप जास्त मारावी, तसं ते डोळ्याला टोचतं. डब्यातल्या कोडी नावाच्या प्लेअरमध्ये व्हिडिओप्रमाणे पडद्याचा वेग बदलण्याची सोय असते, ती सुरू केली. नमन लागलं की पडदा ५० वर जातो, थांबलं की ६० वर परत येतो. अर्धी चित्रं जोडून सलग करण्याचं, म्हणजे डीइंटरलेसचं सेटिंग दुप्पट वेगाचं ठेवलं, नाहीतर नाचणाऱ्याच्या हातांना कंगव्याचे दात फुटतात.

आवाजाचं काम दोन मिनिटांचं: विंडोजमध्ये आवाज कुठून काढायचा त्या यादीत टीव्ही निवडला.

‘नो सिग्नल’चं कारण असं की टीव्ही आपल्याला काय काय दाखवता येतं याची माहिती केबलीतूनच कॉम्प्युटरला सांगतो. चालू होताना डब्याला उत्तर मिळालं नाही, तर तो अंदाजाने काहीतरी ठेंगणं चित्र सोडतो किंवा गप्प बसतो. ती माहिती धरून ठेवणारा छोटा प्लग मिळतो. मी त्याऐवजी कपाटावर कागद चिकटवला: ‘आधी टीव्ही, मग डबा’. गुरुजींनी तो काढून स्वतःच्या अक्षरात लिहून पुन्हा लावला. माझं अक्षर त्यांना चौथीपासून पसंत नाही.

जे मी ऐकून सोडलं

या पहिल्याच खेपेत, अडॅप्टर घालताना डब्याच्या पत्र्याला मनगट लागलं आणि बारीक झिणझिण्या आल्या. चिमटा नव्हे, मुंग्या. मी हात झटकला आणि म्हणालो, ‘पत्र्याच्या डब्यांना असतंच हे थोडं.’ काकी चहा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘फ्रीजही तसाच करतो रे पावसात, ओला हात लागला की.’ मी चहा घेतला.

या प्रकरणातला खरा निर्णयाचा क्षण हा होता आणि तो निर्णय आहे हेच मला कळलं नाही. माझ्या पिशवीत मल्टिमीटर होता. पाच मिनिटांचं काम होतं.

दुसरी खेप: एक पोर्ट गेला

मृगाच्या तोंडावर गडगडाट सुरू झाला. कोकणात वीज कडाडली की लोक काय करतात ते सांगायला नको: सगळं बंद, प्लग बाहेर आणि डिशची वायर सोडवून ठेवायची. गुरुजी शिस्तीचे. त्यांनी त्यात एक भर घातली होती. डिशची वायर सोडवत, आणि टीव्हीच्या पाठची एचडीएमआयही ओढून काढत, म्हणजे टीव्ही अगदी सुटा. डब्याचा प्लग मात्र कपाटामागे हात पोचत नाही म्हणून तसाच राहायचा. गडगडाट थांबला की सगळं परत. आठवड्यात पाच-सहा वेळा हे झालं. सहाव्या वेळी एचडीएमआय १ वर चित्र आलं नाही. केबल दुसऱ्या पोर्टात घातली, आलं. पहिला पोर्ट मेला होता.

घरात सगळ्यांनी विजेला दोष दिला. मलाही आधी तेच वाटलं, पण वीज पडली असती तर सेट-टॉप बॉक्सही गेला असता. तो ठणठणीत होता. या वेळी मीटर बाहेर काढला. फेज आणि न्यूट्रलमध्ये २२८ व्होल्ट. न्यूट्रल आणि डब्याच्या पत्र्यात १०९.

हा अर्धा आकडा ओळखीचा आहे. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायच्या तोंडाशी खरखर गाळणारे दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून पत्र्याला, दुसरा न्यूट्रलकडून पत्र्याला. पत्रा तिसऱ्या पिनने जमिनीला जोडलेला असेल तर त्यांतून जाणारा किरकोळ प्रवाह जमिनीत जातो. तिसरी पिन कुठेच पोचत नसेल तर पत्रा दोन्हींच्या बरोबर मध्ये लोंबकळतो, २३० च्या निम्म्यावर. प्रवाह अगदी थोडा, त्याने माणूस मरत नाही, झिणझिण्या येतात. पण डब्याच्या आत खरोखर एखादी फेज पत्र्याला चिकटली तर तो पत्रा हाताची वाट पाहत बसतो.

आता जोडणी डोळ्यांपुढे आणा. डब्याचा पत्रा अधांतरी. डिशचा लोखंडी खांब जांभ्याच्या भिंतीत रोवलेला. उन्हाळ्यात ती भिंत कोरडी, खांब जमिनीपासून जवळजवळ तुटलेला. पावसात भिंत चिंब, खांब जमिनीला टेकला. खांबावरून डिशच्या वायरीची जाळी, तिथून सेट-टॉप बॉक्स, तिथून एचडीएमआयने टीव्ही. म्हणजे टीव्ही जमिनीच्या पातळीला आला आणि डबा १०९ व्होल्टवर राहिला. या दोघांमधला पूल कुठला, तर दुसरी एचडीएमआय केबल. गुरुजी ती दर गडगडाटाला काढत-घालत होते, डब्याचा प्लग आत असताना. बाहेरचं कवच आधी टेकावं अशी त्या प्लगची रचना असते, पण खाऱ्या हवेत कवचावर गंज चढलेला आणि प्लग तिरका जात असेल तर फरक आतल्या बारीक पिनांतून उतरतो. त्या पाच व्होल्टच्या कामासाठी बनलेल्या असतात. पोर्ट असाच गेला असणार हे मी बऱ्याच खात्रीने सांगतो; आतली चिप उघडून कोणी पाहिलेली नाही.

ज्या खबरदारीने टीव्ही वाचायचा, तिनेच तो बिघडवला, हे मी गुरुजींना सांगितलं. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि विचारलं, ‘म्हणजे वायर काढायची की नाही?’ काढायची. क्रम बदलायचा.

हिरव्या वायरचा माग

इथून पुढचं काम माझं नव्हतं. परवानाधारक वायरमनला बोलावलं. नुसत्या मीटरवर त्याने विश्वास ठेवला नाही, कारण आजचे मीटर इतके हलक्या हाताचे असतात की तुटक्या वायरीतही व्होल्टेज दाखवतात. त्याने टेस्ट लॅम्प लावून पाहिला, फेज आणि अर्थ पिनमध्ये. अर्थिंग असतं तर दिवा पेटला असता. तारसुद्धा लाल झाली नाही. (हे घरी करून पाहायची गोष्ट नव्हे.)

सगळ्या सॉकेटांत अर्थिंगची हिरवी वायर होती. बोर्डापर्यंत आलेली, नीट स्क्रूखाली दाबलेली. बोर्डातून पुढे एक वायर मागच्या दाराने परसात गेलेली आणि चिऱ्यांच्या ढिगाखाली दिसेनाशी झालेली. ढीग उपसला. वादळात पडलेल्या माडाचं खोड तोडून ओढून नेताना ती वायर तिथेच तुटली होती. घराचं नवं वायरिंग करणाऱ्याने हिरवी वायर या तुकड्याला जोडली आणि तो पुढे अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत जातो असं धरून चालला. त्या दिवसांत गावागावात अंधार होता, एकेक माणूस दहा-दहा घरं करत होता; मी त्याच्यावर फार रागवू शकत नाही. पण परिणाम वाईट होता. फ्रीज, धुण्याचं मशीन, डबा हे सगळे पत्रे हिरव्या वायरने एकमेकांना जोडलेले आणि जमिनीला कोणीच नाही. काकींच्या फ्रीजच्या झिणझिण्यांत डब्याचाही वाटा होता आणि डब्याच्या झिणझिण्यांत फ्रीजचा.

नातवाने घेतलेली महागडी स्पाईक गार्डची पट्टीही या काळात बरीचशी शोभेची होती. व्होल्टेजची लाट आली की पट्टीतले काही घटक ती जमिनीकडे वळवतात. जमीनच नसेल तर वळवणार कुठे?

दुरुस्ती

एक सल्ला असा आला होता की डब्याचा तीन पिनी प्लग काढून दोन पिनी लावा, झिणझिण्या जातील. जात नाहीत, कारण त्या दोन पिनांतूनच येतात. दुसरा विचार माझा होता: ऑप्टिकल एचडीएमआय केबल टाकली तर टीव्ही आणि डबा विजेच्या दृष्टीने वेगळे होतील. पण बाजारात मिळणाऱ्या अशा बहुतेक केबलींत चित्र काचेतून जात असलं तरी बाकीच्या संदेशांसाठी तांब्याच्या तारा असतातच. पैसे खर्चून रोग लपवण्याचा प्रकार झाला असता. दोन्ही सोडले.

जुन्या खड्ड्यातला पाईप गंजून कागदासारखा झाला होता. नवीन खड्डा न्हाणीच्या पाठी, अळवाच्या वाफ्याच्या कडेला घेतला. जांभा सच्छिद्र, पाणी धरत नाही; उन्हाळ्यात तो कोरडा ठणठणीत होतो आणि कोरड्यात अर्थिंग लागत नाही. न्हाणीचं पाणी मात्र बारा महिने येतं. जुलैत चार दिवस उघाड मिळाली तेव्हा नवीन पाईप, कोळसा आणि मिठाचे थर असं काम झालं. काकींची एकच अट होती, अळू तुडवायचं नाही. थोडं तुडवलं गेलं.

डिशचा खांबही वायरीने त्याच अर्थला जोडला. बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवला. पहिल्या रात्री तो दोनदा पडला. विहिरीच्या पंपातून वीज गळत होती. म्हणजे तेही एक बाहेर आलं.

गडगडाटाचा क्रम नव्याने ठरला: आधी टीव्ही, बॉक्स, डबा, सगळ्यांचे प्लग बाहेर, त्यानंतर डिशची वायर. परत जोडताना डिशची वायर आधी, प्लग शेवटी. एचडीएमआयला हातच लावायचा नाही. त्यासाठी डब्याचा प्लग कपाटामागून काढून हाताशी असलेल्या बोर्डावर आणला.

निष्पत्ती

पत्र्यावर आता मीटर दीड-दोन व्होल्ट दाखवतो. फ्रीज गप्प आहे. मेलेला पोर्ट दुरुस्त केला नाही. बोर्ड बदलायचा खर्च ऐकून मुलाने नको म्हटलं. गुरुजींनी त्या पोर्टावर पांढरी चिकटपट्टी लावली आहे.

गणपतीत दुसऱ्या दिवशी रात्री आरतीनंतर नमन लावलं. माजघरात जागा पुरली नाही, पोरं दारात उभी. मी गेलो होतो. चित्र पन्नासवर गेलं की नाही एवढंच मी कोपऱ्यात पाहत होतो. संकासूर आला तेव्हा गुरुजींच्या बहिणीने मोठ्याने भावाचं नाव घेतलं. त्यानंतरचं मी पडद्याकडे पाहिलं नाही.

आज काय वेगळं करेन

झिणझिण्या आल्या त्या क्षणी बाकीचं सगळं थांबवून मीटर लावीन. चित्राची पाच दुखणी एका दिवसात बरी झाली, त्यामुळे मी खुशीत होतो आणि खुशीत माणूस जे जमलं तेच मोजतो. आता कुठल्याही घरी टीव्हीला कॉम्प्युटर जोडायला बोलावलं तर फोनवरच विचारतो, फ्रीजला ओला हात लावल्यावर काही होतं का.

दुसरं पेनड्राइव्हचं. केवळ ते नमन दाखवायचं असतं, तर सगळे टेप एकदाच डीइंटरलेस करून, सेकंदाला ५० चित्रांच्या एच.२६४ फायली करून पेनड्राइव्हवर दिले असते तर टीव्हीने ते बहुधा सरळ चालवले असते. डबा लागला नसता, अडॅप्टर नाही, हा लेखही नाही. मी तो मार्ग पुरेसा तपासला नाही, कारण समोर डबा होता आणि मला डबे आवडतात. अर्थात मग अर्थिंग तुटलेलंच राहिलं असतं आणि ते फ्रीजने कधीतरी कळवलं असतं.

तिसरं, केबलीचा खर्च. नातवाने तिसरी केबल घ्यायच्या आधी फोन केला असता तर बरं झालं असतं; मी त्याला ‘आणखी एक घेऊन बघ’ म्हणालो नसतो.

वायरमनने नंतर त्याच वाडीतली, वादळानंतर त्याच घाईत वायरिंग झालेली तीन घरं पाहिली. दोन ठिकाणी अर्थ धड होता. तिसऱ्या घराची हिरवी वायर भिंतीबाहेर येऊन वाऱ्यावर लोंबत होती. ते घर वर्षभर बंद असतं, माणसं मुंबईला. त्या गणपतीला ती आली नव्हती. शेजाऱ्यांनी फोनवर कळवलं आहे, आणि मेन स्विच खाली पाडून ठेवला आहे.